मावशींची मास्तरीण

आमची शाळा दोन खोल्यांची आहे. हिंगोलीहून येताना गोरेगावच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की सोयाबीनच्या शेतांमधून एक कच्चा रस्ता गावात जातो, त्याच्या तोंडाशीच ती आहे. पहिली ते चौथीचे वर्ग आणि आम्ही दोघं शिक्षक. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी गोरेगावात खोली घेऊन राहते आणि स्कूटीवरून ये-जा करते. शाळेला लागून पत्र्याची एक खोली आहे, तिथं दुपारची खिचडी शिजते. ही गोष्ट त्या पत्र्याच्या खोलीत शिजवणाऱ्या मावशींची आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीची आहे. मी त्यात बहुतेक वेळ बाजूलाच उभी होते.

मागच्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर हिंगोलीला आमचं एक प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेल्या बाई चांगल्या होत्या, मनापासून बोलत होत्या. त्या म्हणाल्या, मूल ‘मला येत नाही’ म्हणालं की त्याला मध्ये ‘अजून’ घालायला लावा. ‘मला अजून येत नाही.’ मला ते फार आवडलं. परत आल्यावर मी ‘अजून’ हा शब्द मोठ्या कागदावर रंगीत अक्षरांत लिहिला आणि फळ्याच्या वर चिकटवला. पोरांना समजावून सांगितलं. पोरांनी तो लगेच उचलला, पण त्यांच्या पद्धतीनं.

“गृहपाठ का केला नाहीस?”

“म्याडम, अजून केला न्हाई.”

“आणि नखं?”

“अजून कापली न्हाईत.”

मलाही हसू यायचं. ज्यांच्यासाठी तो शब्द लावला होता ती लेकरं मात्र तो कधीच वापरत नव्हती.

त्यातलीच ही मुलगी. तेव्हा तिसरीत होती. घरी मेंढरं. दिवाळीनंतर रानं मोकळी झाली की घरचे मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही बरोबर न्यायचे. उन्हाळ्यात परत यायचे. त्यामुळं तिची पहिली आणि दुसरी दोन्ही अर्धीच झालेली. तरी वाचनाची पाळी आली की ती उभी राहायची, ओळीखाली बोट धरायची आणि स्वच्छ आवाजात धडा म्हणायची. मला वाटायचं, अर्धं वर्ष बाहेर राहूनही पोरगी वाचते बरं.

एक दिवस ती अशीच वाचत असताना खिडकीतून वारा आला आणि तिच्या पुस्तकाची पानं उलटली. समोर वेगळाच धडा आला. तिचं बोट ओळीखालून सरकत राहिलं आणि आवाज मागचाच धडा म्हणत राहिला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तिला शेवटपर्यंत म्हणू दिलं, ‘बस’ म्हटलं, आणि मधल्या सुट्टीत एकटीला जवळ बोलावलं.

“पुस्तक न बघता म्हणत होतीस ना?”

तिनं मान हलवली. घाबरली नव्हती. “आयकून आयकून पाठ होतंय, म्याडम.”

“आणि वाचता?”

“थोडं थोडं. जास्त न्हाई येत. आमच्यात कोणालाच येत न्हाई. आईला न्हाई, काकाला न्हाई. आमच्या डोक्यात बसतच न्हाई ते.”

आमच्या दारात झाड नाही, असं सांगावं तितक्या सहज तिनं ते सांगितलं. मी म्हटलं, “अख्खा धडा ऐकून पाठ होतो तुझा. ते डोकंच की.”

“ते तर गाण्यावानी हाय,” ती म्हणाली. तिच्या लेखी तिथं विषय संपला.

मी मागं लागले. शब्दांची कार्डं केली. शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. ती थांबायची, कधी नाही म्हणाली नाही. पण पहिलं जोडाक्षर आलं आणि अडलं की तिची नजर फरशीवर जायची. रडणं नाही, हट्ट नाही. समोर बसलेली असायची, पण तिथं नसायचीच. मग मी कितीही गोड बोलले तरी काही उपयोग नसायचा.

त्याच दिवसांत गावातल्या वाचता न येणाऱ्या मोठ्या माणसांची नावं गोळा करण्याचं काम आम्हा शिक्षकांकडे आलं. नावं घ्यायची, त्यांना शिकवायचं, वर्षाच्या शेवटी त्यांची परीक्षा. मी घरोघर फिरले. पुरुष म्हणाले, फवारणी उरकू द्या. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हिरमुसून शाळेत परतले, तर मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, “माझं नाव लिवा, म्याडम.”

मावशी पन्नाशीच्या असतील. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकच लेक, ती जवळा बाजारला दिलेली. मी शाळेत येण्याच्या आधीपासून त्या इथं खिचडी शिजवत होत्या, आणि तांदळाचं पोतं आलं की कागदावर अंगठा उठवत होत्या. मी विचारलं, “आत्ताच कशी काय इच्छा झाली?”

“आत्ताच न्हाई, लई दिवसाची हाय. लेकीकडं जायचं म्हनलं की जीपनं हिंगोलीला जाते. तिथून बस. स्टँडवर दर बसला कोणाला तरी विचारावं लागतं. कोणी बराबर सांगतं, कोणी मोबाइलातून मान वर करत न्हाई. एकदा एक पोरगं म्हनलं, एवढी मोठी पाटी हाय, दिसत न्हाई का? दिसती की बाबा. दिसतीच तर खरी.”

मी त्यांचं नाव लिहिलं. पण शिकवायचं कधी? त्यांची भांडी उरकायची तेव्हा माझे दोन वर्ग समोर बसलेले असायचे. म्हणून मी पोरांनाच पाळीपाळीनं मावशींना शिकवायला सांगितलं. पहिली पाळी तिसरीतल्या सगळ्यात हुशार मुलाची. तो पाटी घेऊन ऐटीत गेला. ‘हा ज. म्हण ज. हा व. म्हण व.’ भराभरा अर्धी मुळाक्षरं उरकून आला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर मावशींना एकही आठवेना.

“काल तर सांगितलं, मावशी! एवढं पन ध्यानात ऱ्हात न्हाई?”

शाळेत, घरात, सगळीकडं मोठी माणसं ज्या सुरात बोलतात तो सूर त्यानं अगदी हुबेहूब उचलला होता. मावशी हसल्या. पुढच्या पाळ्यांची पोरंही त्याच सुरात बोलली. हळूहळू मावशींना शिकायच्या वेळेलाच नेमकी कामं निघू लागली. कधी डाळ निवडायची राहिली, कधी पाणी भरायचं राहिलं. पाटी तांदळाच्या डब्यावर पडून राहू लागली.

एका दुपारी मी खिचडीची चव बघायला म्हणून गेले आणि दाराबाहेरच थांबले. आत मावशी परातीत मसूर निवडत होत्या आणि ती मुलगी त्यांच्याशेजारी उकिडवी बसली होती. डाळीचे दाणे सरकवून तिनं परातीत दोन अक्षरं काढली होती.

“हे बघ मावशी. हा च आन हा ज. मला बी ह्ये दोन्ही एकच वाटायचे. च चं पोट दांडीला चिकटलेलं असतंय. ज चा हात मोकळा लोंबून राहिला. बघ.”

मावशींनी वाकून बघितलं. “व्हय की. मला कोणी सांगितलंच न्हाई असं.”

“मला बी न्हाई सांगितलं. रोज बघून बघून कळलं.”

“मग आता तुला समदं येत असंन.”

“न्हाई. मला जोडलेल्या अक्षरात अडतं. दोन अक्षरं एकमेकात घुसले की कोनतं कुठलं तेच समजत न्हाई.”

“माय, मला तर सुटे बी समजून न्हाई राहिले,” मावशी म्हणाल्या, आणि दोघी हसायला लागल्या.

मी आत गेले नाही. इतक्या महिन्यांत मी त्या मुलीच्या तोंडून ‘येत नाही’ एवढंच ऐकलं होतं. नेमकं कुठं अडतं हे ती पहिल्यांदाच सांगत होती, आणि तेही मला नाही, मावशींना.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं की आजपासून मावशींना हीच शिकवणार. वर्गात गलका झाला.

“म्याडम, तिला सोताला येत न्हाई!”

“म्हणूनच,” मी म्हटलं. पोरांना ते पटलं नाही. तिची मान खाली गेली होती, आणि क्षणभर मला वाटलं की मी पोरीला उगाच सगळ्यांसमोर उघडं पाडलं. तेवढ्यात पत्र्याच्या खोलीच्या दारातून मावशी ओरडल्या, “मला हीच मास्तरीण पायजे!”

मग ते सुरू झालं. मास्तरणीनं स्वतःच एक नियम केला. एक अक्षर घ्यायचं आणि मावशींना ते तांदळाच्या पोत्यावर, मिठाच्या पुडीवर, शाळेच्या भिंतीवर, कुठंही ओळखता येईपर्यंत दुसरं घ्यायचं नाही. इतकं हळू चाललं होतं की मला काळजी वाटायची. पण मावशींची पाटी पुन्हा तांदळाच्या डब्यावर पडून राहिली नाही.

आणि ती मुलगी सकाळी प्रार्थनेच्या आधी माझ्याकडं येऊ लागली.

“म्याडम, मावशी विचारून राहिली, स्टँड कसं लिवतात? ते ‘स्ट’ कसं असतंय?”

मी दाखवायची. ती अडायची, पुन्हा विचारायची, पुन्हा अडायची. पण नजर फरशीवर जायची नाही, कारण प्रश्न तिचा नव्हताच, मावशींचा होता. दुपारपर्यंत तिला तो नीट कळायलाच हवा होता. नाहीतर मावशी काय म्हणतील? असं करत करत ती बरीच जोडाक्षरं शिकली. ‘तू शिकते आहेस’ असं मी तिला मुद्दामच सांगितलं नाही.

दिवाळीच्या थोडं आधी मावशींच्या लेकीला मुलगा झाला. बारसं जवळा बाजारला होतं. मास्तरणीनं मावशींकडून दोन शब्द पक्के करून घेतले होते, ‘जवळा’ आणि ‘बाजार’. मावशींनी झबलं-टोपडं घेतलं, नवं लुगडं काढून ठेवलं. आदल्या दिवशी पोरांना खिचडी वाढताना म्हणाल्या, “या बारीला कोणाला विचारनार न्हाई मी.” पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बारशाच्या दिवशी मावशींच्या जागी गावातली दुसरी एक बाई शिजवायला आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. तांदूळ धुतले, चूल पेटवली. पोरं दारात गोळा झाली.

“मावशी, पाटी वाचली का?”

“वाचली,” मावशी म्हणाल्या. “वाचली म्हनूनच तर घात झाला.”

मग थोडं थोडं करून त्यांनी सांगितलं. हिंगोलीच्या स्टँडवर एक बस लागली. त्यांनी एकेक अक्षर लावलं. ज, व, ळा. कुणाला न विचारता चढल्या आणि खिडकीशी बसल्या. कंडक्टरला ‘जवळा’ म्हणाल्या, त्यानं तिकीट फाडून दिलं. सगळं आपलं आपण केलं म्हणून त्या खुशीत होत्या.

“वाटेतलं औंढा काहून येऊन न्हाई राहिलं म्हनून बाहेर बघते, तर कळमनुरी! ती बस दुसऱ्याच जवळ्याची, जवळा पांचाळची होती. तिथं उतरले, परत हिंगोलीला आले, मग दुसरी बस. घरी पोचले तर बायका घुगऱ्या घेऊन निघून बी गेल्या होत्या. लेकराला पाळन्यात घालायला माझा हात लागला न्हाई. लेक म्हनली, आई, समदे तुझी वाट बघून राहिले होते.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. चुलीचा धूर लागल्यावर पुसतात तसं.

“विचारत जात होते तवा अशी तकलीफ कधी झाली न्हाई. बस झालं आता. म्याडम, माझं नाव काढून टाका.”

ती मुलगी तिथून कधी निघून गेली ते कळलंच नाही. वर्गात आले तर ती शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसलेली.

त्यानंतर ती सकाळी माझ्याकडं आली नाही. दुपारी पत्र्याच्या खोलीकडंही फिरकली नाही. ताट घ्यायची आणि दूर जाऊन बसायची. शेवटी मीच तिच्याजवळ जाऊन बसले.

“मीच चूक शिकवलं,” ती म्हणाली. “मी दोनच शब्द सांगितले. मलाच अर्धं येतं, म्याडम. दुसऱ्या कोणी शिकवलं असतं तर मावशी बराबर गेली असती.”

प्रशिक्षणात ऐकलेली सगळी चांगली वाक्यं माझ्याकडं होती. चुकांमधून माणूस शिकतो, वगैरे. पण समोर बारसं हुकलेली आजी आणि स्वतःला दोष देणारी नऊ वर्षांची पोर असताना त्यातलं एकही तोंडातून निघेना. मी एवढंच विचारलं, “मावशींनी पाटीवर नेमकं काय काय वाचलं, ते तू विचारलंस का?”

“न्हाई.”

“मग विचार की.”

तिनं लगेच विचारलं नाही. दोन-तीन दिवस गेले. मग एका दुपारी पोरं ताटं घेऊन रांगेत उभी असताना, तिची पाळी आल्यावर, ताट पुढं न करता तिनं विचारलं, “मावशी, त्या पाटीवर एक शब्द होता का दोन?”

मावशींचा हात थांबला. “दोन होते.”

“दुसरा कोनता होता?”

“दुसरा वाचलाच न्हाई मी. पहिला जवळा हाय म्हनल्यावर पुढं बाजारच असनार की.”

मागची पोरं ढकलाढकली करत होती.

“मी बी तसंच करते,” ती म्हणाली.

“कसं?”

“पुस्तकात पहिला शब्द बघते आन पुढचं मनानंच म्हनते. कवा कवा तर पहिला बी बघत न्हाई. म्याडमला ठाऊक हाय.”

तिच्यामागंच उभा असलेला तो हुशार मुलगा ओरडला, “म्हंजे तू रोज खोटंच वाचत होती?”

मावशींनी पळी त्याच्याकडं रोखली. “गप रे. खिचडी पायजे का न्हाई तुला?” मग मावशी मुलीकडं वळल्या, आणि मी कधी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात म्हणाल्या, “मग आता आपुन दोघींनी काय करावं?”

“पुढचा शब्द वाचायचा,” ती म्हणाली.

“ते पांचाळ कसं असतंय?”

“डोक्यावर टिंब असतंय त्याच्या. ते मला बी नीट येत न्हाई. म्याडमला विचारू.”

मावशींनी तिच्या ताटात खिचडी वाढली, आणि वर चमचाभर जास्तीची.

त्या शनिवारी आम्ही शाळेच्या पटांगणात बसस्टँड केलं. गोरेगावच्या किराणा दुकानातून मी रिकामी खोकी आणली होती. त्यांचे पुठ्ठे कापून पोरांनी पाट्या केल्या. जवळा बाजार, जवळा पांचाळ, परभणी, औंढा, कळमनुरी, गोरेगाव. पाटी गळ्यात अडकवली की पोरगं बस व्हायचं आणि तोंडानं भोंगा वाजवत पटांगणाला फेरी मारायचं. पहिली-दुसरीचे सर कंडक्टर झाले. मावशी हातात पिशवी घेऊन कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. त्यांनी हात करून बरोबर बस थांबवायची, एवढाच खेळ.

त्या मुलीच्या गळ्यात मी ‘सिद्धेश्वर’ची, धरणाच्या गावाची, पाटी घातली. तिनं ती उलटून बघितली.

“म्याडम, ही कुठली बस हाय?”

“ड्रायव्हरला माहीत पाहिजे की.”

ती पायरीवर जाऊन बसली. बाकीच्या बसगाड्या फेऱ्या मारत होत्या, एकमेकींवर आदळत होत्या, आणि ही पाटी मांडीवर घेऊन ओठ हलवत होती. ‘सि. द. न्हाई. द आन ध.’ मी मुद्दाम तिकडं गेले नाही. बऱ्याच वेळानं ती उठली, पाटी नीट केली आणि “धरनावर जानारी, धरनावर जानारी!” असं ओरडत सगळ्यांच्या मधून सुटली.

मावशींनी त्या दिवशी चुकीच्या बसगाड्या कितीदा थांबवल्या त्याला हिशेब नाही. एकदा तर कळमनुरीला हात केला आणि स्वतःच कपाळाला हात लावला. पण चुकलं तरी काही होत नव्हतं. थांबलेलं पोरगं धापा टाकत म्हणायचं, “न्हाई मावशी, पुढचा शब्द वाच,” आणि पळत सुटायचं. उन्हं चढेपर्यंत सगळे दमले. हसून हसून मावशींना ठसका लागला.

मावशींचं नाव मी काढलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

दिवाळी झाली आणि मेंढरं निघायची वेळ आली. मी त्या मुलीच्या घरी गेले. मावशीही बरोबर आल्या. “पोरगी माझ्याकडं ऱ्हाईल,” त्या म्हणाल्या, “माझ्या ताटात जेवंल.”

तिच्या आईनं आम्हाला चहा दिला. बाई माझ्याहून वयानं लहान असेल, पण उन्हानं चेहरा रापलेला. “तुमचं खरं हाय, म्याडम,” ती म्हणाली. “पन धाकटं लेकरू आता एका जागी ऱ्हात न्हाई. मी मेंढरामागं गेले तर त्याला कोन बघंन? काटे, विहिरी, रस्ते. हीच बघती त्याला.” तिला शाळा नको होती असं नव्हतं. ते तिच्या बोलण्यावरून स्पष्ट दिसत होतं. मी आणखी ताणलं नाही. मुलीला गोष्टींची दोन पातळ पुस्तकं दिली आणि आलो.

मास्तरीण गेल्यावर मावशींना पुन्हा तो हुशार मुलगा शिकवू लागला. तो थोडा बदलला होता. मावशी अडल्या की ‘एवढं पन येत न्हाई?’ म्हणायचा नाही. “कुठं अडलं, मावशी?” असं विचारायचा, आणि पाय हलवत, कसाबसा धीर धरून थांबायचा. थांबणं त्याला फार जड जायचं. तरी थांबायचा.

संक्रांतीला मावशी नातवाला बघायला गेल्या आणि वेळेवर पोचल्या. आल्यावर पोरांनी घेरलं.

“वाचलं का, मावशी?”

“दोन्ही शब्द वाचले. आन मग शेजारच्या पोरीला विचारलं बी, ही जवळा बाजारच ना म्हनून. व्हय म्हनली.”

“वाचलं तर विचारलं काहून?”

“विचारावं की. तोंड कशाला दिलंय?”

पोरं जरा नाराज झाली. मला मात्र ते फार आवडलं.

मार्चमध्ये मोठ्यांची परीक्षा झाली, आमच्याच वर्गात. मावशी लहान बाकावर अंग चोरून बसल्या. खिडकीला पोरांची तोंडं चिकटली होती. मी त्यांना हाकललं की दुसऱ्या खिडकीला जायची. मावशींनी उतारा वाचला, नाव लिहिलं, प्रश्नांची उत्तरं लिहिली. वजाबाकीला मात्र अडल्या आणि ते पान तसंच राहिलं. निकालात वाचन-लेखनात त्या पास झाल्या, गणितात नाही. मला सांगताना वाईट वाटत होतं.

“परत बसता येतंय का?” त्यांनी विचारलं.

“येतं.”

“मग बसते की,” त्या म्हणाल्या आणि डाळ निवडू लागल्या.

एप्रिलच्या उन्हात शाळा सकाळची झाली तेव्हा ती मुलगी परत आली. सावळी होती, ती आणखी काळवंडलेली, केस तांबूस झालेले. दरवर्षी ती परत यायची तेव्हा दाराशी घुटमळायची. या वेळी थेट माझ्या टेबलाशी आली आणि वाटेतली गावं सांगू लागली. रिसोडकडचा रस्ता, त्यावरचे दगड, दुकानांच्या पाट्या. भावाला कडेवर घेऊन वाचलेल्या.

“एका गावाची पाटी अर्धी मोडलेली होती, म्याडम. ती तेवढी न्हाई वाचता आली.”

“मग?”

“मग तिथल्या आजीला विचारलं.”

आता ती चौथीत आहे. परवा वाचनात तिची पाळी होती. धड्यात ‘स्वातंत्र्य’ शब्द आला आणि ती अडली. शेजारून त्या हुशार मुलानं ‘स्वा’ एवढं म्हटलं आणि तिनं हात वर केला.

“थांब. सांगू नको.”

आम्ही थांबलो. ती ‘स्वातंतर’ म्हणाली, मान हलवली, पुन्हा पुस्तकात तोंड घातलं. पहिलीची पोरं ताटं वाजवत खिचडीला निघाली. आमच्या वर्गात कुणी उठलं नाही. उठावं वाटत होतं, पण उठलं नाही. अखेर तिनं तो शब्द वाचला, पूर्ण आणि बरोबर. आणि त्याच्या पुढच्या साध्यासुध्या शब्दाला अडखळली. सगळे हसले. तीही हसली आणि तोही वाचला.

ती अजिबात भराभर वाचत नाही. गणितात तर मावशी आणि ती एकाच ठिकाणी अडतात, हातच्याच्या वजाबाकीत. मधल्या सुट्टीत दोघी परातीत डाळीचे दाणे मांडून बसतात. कोण कुणाला शिकवतं हे बघणाऱ्याला कळत नाही.

मागच्या आठवड्यात तिची आई शाळेत आली. एकटीच, पहिल्यांदाच. वर्गात न येता आधी पत्र्याच्या खोलीत गेली. मी गेले तेव्हा ती मावशींना विचारत होती, “धाकट्याला यंदा माझी सासू बघते म्हनली. पोरगी तुमच्याकडं ठेवली तर राती रडंन का हो?”

“रडंल की. पहिले दोन-चार दिवस रडंल,” मावशी म्हणाल्या. “मी बी घरात एकटीच असते, माय. रडली तर जवळ घेईन.”

आईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, “तिच्या बापाला इचारते,” आणि उठली. दिवाळीला अजून अवकाश आहे. बापाचं उत्तर यायचं आहे. मावशींनी मात्र माळ्यावरची जुनी गोधडी काढून उन्हात टाकली आहे.